नंबर दिला कोणाला, पोचला कुठे

नमस्कार श्रोतेहो.

दहावीचा निकाल लागला की नागपुरात घरोघरी फोन वाजू लागतात. "ताई, मुलाला किती टक्के मिळाले? सायन्सच घेणार ना?" बोलणाऱ्याला मुलाचं नाव ठाऊक असतं, शाळा ठाऊक असते, कधी कधी घर मानेवाड्याला आहे हेही ठाऊक असतं. "नंबर कुठून मिळाला तुम्हाला?" असं आईने विचारलं की फोन बंद. फोन करणाऱ्या पोरालाही ते माहीत नसतं. त्याच्या हाती एक यादी दिलेली असते आणि संध्याकाळपर्यंत ती संपवायची असते.

आज मला त्या यादीबद्दल बोलायचं आहे. बर्डीवर कपडे घेताना बिलासाठी आपण नंबर सांगतो. प्रदर्शनात लकी ड्रॉचं कूपन भरतो. धंतोलीत रक्त तपासायला जातो तेव्हा वय, पत्ता, डॉक्टरांचं नाव लिहून देतो. मोबाईलवर एखादं फुकटचं ॲप टाकतो, ते लोकेशन मागतं, कॉन्टॅक्ट मागतं, आपण घाईत 'अलाऊ' दाबतो. एकेक गोष्ट किरकोळ. पण या सगळ्या ठिकाणी नंबर एकच असतो आणि तो आपण वर्षानुवर्षं बदलत नाही. असे तुकडे गोळा करायचे, नंबरावरून जुळवायचे आणि तयार झालेलं आपलं चित्र तिसऱ्याला विकायचं, हा डेटा ब्रोकरचा धंदा. त्याची आपली कधी गाठ पडत नाही. आपण त्याचे ग्राहकही नसतो.

हा धंदा केवढा पसरू शकतो, हे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित जपणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये अशा नऊ कंपन्या तपासून एका अहवालात मांडलं. त्यातल्या एका कंपनीकडे तर जवळजवळ प्रत्येक अमेरिकन ग्राहकाबद्दल ३,००० प्रकारची माहिती होती. नऊपैकी सात कंपन्या एकमेकींनाही माहिती पुरवत होत्या, म्हणजे मूळ कुठलं हे शोधणंच अवघड. माणसांचे गट पाडलेले होते: बाळाची वाट पाहणारे, मधुमेहाविषयी आस्था असणारे. मधुमेहाच्या गटात नाव पडलं तर एखादा दुकानदार बिनसाखरेच्या मिठाईची जाहिरात पाठवेल. पण तेच नाव विमा कंपनीच्या हाती गेलं तर ती तुम्हाला जास्त जोखमीचा माणूस समजू शकते, असा इशारा त्या अहवालात आहे.

मला सर्वांत जास्त छळतो तो अशा तुकड्यांवरून आपल्याबद्दल बांधलेला अंदाज. वडिलांसाठी शुगरच्या पट्ट्या मुलगा ऑनलाइन मागवतो आणि मधुमेहाचा शिक्का मुलाच्या नावावर बसू शकतो. तो शिक्का त्याला दिसत नाही, म्हणून पुसता येत नाही. उद्या कुणी त्यावरून काही ठरवलं तर कारणही कळणार नाही. आणि जिथे माहिती खरी असते तिथे धोका आणखी मोठा. निवृत्त, एकट्या राहणाऱ्या माणसाला फोन येतो, समोरचा त्याची बँक सांगतो, पेन्शनची तारीख सांगतो. एवढं खरं सांगणारा माणूस खोटा कसा असेल, असं त्याला वाटतं आणि तो ओटीपी सांगून बसतो. यादी विकणारा म्हणेल, मी तर फक्त नंबर विकले. मला हा बचाव मान्य नाही. नंबर कुठे जातील याची विचारपूस न करता विकणं हाच त्याचा दोष आहे.

आपल्याकडे कायदा हळूहळू आकार घेतो आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. बहुतेक बंधनं लागू होण्यासाठी नियमांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. संमती एका ठरावीक कामासाठीच घ्यायची, ती मागणारा मजकूर मराठीतही वाचता यायला हवा, आणि दिलेली संमती परत घेता आली पाहिजे. कायदा मोडला तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. पण तुम्ही स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, त्यामुळे फेसबुकवर सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं काहीही उचलायला मोकळीक राहते. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने २०१८ मध्येच डेटा ब्रोकरांना नोंदणी करायला लावली. आपल्या कायद्यात त्यांच्यासाठी अशी वेगळी नोंदणी नाही, आणि ती हवी.

माझी विनंती खरं तर गावातल्या मंडळींना आहे: क्लासचालक, लॅब, फ्लॅट स्कीमची सोसायटी, दुकानदार. रिपोर्ट पाठवायला घेतलेला नंबर रिपोर्ट पाठवण्यापुरताच वापरा. सोसायटीच्या गेटवरच्या जुन्या वह्या रद्दीवाल्याला देण्याआधी फाडून टाका. यादी विकत घेऊ नका. घेणारा नसेल तर विकणारा किती दिवस टिकेल? आणि श्रोतेहो, लॉजवर किंवा भाड्याचं घर घेताना आधारची झेरॉक्स मागितली तर 'मास्क्ड आधार' चालेल का, असं विचारा. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि ते आधारच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं.

नमस्कार.