अर्जातला एक रकाना

सिन्नर-दिंडोरीहून पहाटेची एसटी धरून आलेले, सातपूरची रात्रपाळी करून तसेच इथे येऊन बसलेले, असे बरेच जण समोर दिसताहेत. म्हणून परीक्षेचं आधी सांगते. आयसी-३८, म्हणजे विमा एजंट होण्यासाठीची परीक्षा: ५० प्रश्न, एक तास, पर्याय निवडायचे, पास व्हायला ३५ टक्के. पेपर मराठीतूनही देता येतो. इंग्रजी शब्द अडत असतील तर बिनधास्त मराठी घ्या.

"ताई, पस्तीसवर होतं ना?" हा प्रश्न मला दर बॅचला येतो. होतं. पण कुठली पानं सोडायची ते मी सांगणार नाही, कारण मी स्वतः एक धडा घोकून पास झाले होते, समजून नव्हे. परम विश्वासाचं तत्त्व, म्हणजे विमा करताना दोन्ही बाजूंनी काही न लपवता खरं सांगायचं. व्याख्या तोंडपाठ होती.

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार. छाटणीची गडबड होती, ते बांधावर उभे आणि मी गाडीच्या बॉनेटवर त्यांच्या आयुर्विम्याचा प्रपोजल फॉर्म, म्हणजे अर्ज, भरत होते. "शुगरची एक गोळी चालू आहे," ते म्हणाले. "एका गोळीनं काय होतंय, भाऊ," म्हणत मी मधुमेहाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. त्यांनी न वाचता सही केली, माझ्यावर भरवसा ठेवून. दोन वर्षांच्या आत ते गेले. क्लेम नाकारला गेला. भरलेले हप्ते तेवढे परत आले. वहिनींनी फळीवरच्या डब्यातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. "ताई, तुम्हाला सांगितलं होतं ना त्यांनी?"

विमा कायद्याचं कलम ४५ तुम्ही वाचाल: पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला ती कोणत्याही कारणावरून आव्हान देता येत नाही. त्याआधी मात्र लपवलेली माहिती उकरून काढता येते. हे कलम मला पुस्तकात कळलं नाही, वहिनींच्या घरी कळलं.

कलम ४१ सुद्धा नीट वाचा. "पहिला हप्ता तुम्हीच भरा" म्हणणारा गिऱ्हाईक पहिल्याच महिन्यात भेटेल. कमिशनमधून सूट देणं गुन्हा आहे, दंड दहा लाखांपर्यंत. आणि पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचं. सांगितल्यानं धंदा बुडत नाही.

पास झाल्यावर पुस्तक रद्दीत घालू नका. मुंबईच्या भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट, असोसिएट, फेलो या पुढच्या परीक्षा आहेत. मी लायसेन्शिएट उशिरा दिली, त्या घरून परतल्यानंतर.

आता हे कोरे फॉर्म घ्या. शेजारच्याला नाव, वय विचारा, मग घरी कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारा, आणि तो जे सांगेल तेच लिहा. सही करण्याआधी त्याला सगळं वाचून दाखवा. अर्धा तास आहे, घाई करू नका.