कर्जाच्या ओळी आधी खोडा

अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला की घरी आर्थिक मदतीचं पत्र येतं. वर खर्च: फी, हॉस्टेल, जेवण, पुस्तकं. खाली मदत: ग्रँट, स्कॉलरशिप आणि त्याच रांगेत कर्ज. सगळं मिळून मदत भरघोस दिसते. पण ग्रँट सहसा परत करावी लागत नाही, कर्ज व्याजासह फेडावं लागतं. म्हणून पेन घ्या, कर्जाच्या ओळी आधी खोडा आणि मग वजाबाकी करा.

समजा वर्षाचा खर्च २८,००० डॉलर, ग्रँट आणि स्कॉलरशिप मिळून २०,०००. उरले ८,०००. आता फक्त या आठ हजारांचं बोलू. त्यासाठी आधी सरकारी कर्ज बघायचं.

८ नोव्हेंबर १९६५. टेक्ससमधलं सॅन मार्कोस. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ज्या कॉलेजात शिकले, तिथेच येऊन त्यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. आजची फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची, विद्यार्थी कर्जं याच कायद्याखाली मिळतात.

सुरुवात ‘फाफ्सा’ (FAFSA) या सरकारी मदतीच्या अर्जापासून होते. तो सरकारी साइटवर फुकट भरता येतो. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. विद्यार्थ्याचं खातं वेगळं, पालकांचं वेगळं. उत्पन्नाची माहिती करखात्याकडून घ्यायला संमती द्यावी लागते. आणि हा अर्ज दर वर्षी नव्याने भरायचा.

आई-वडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर कर्जाऊ मिळतात. गरज सिद्ध झाली तर त्यातले ३,५०० पर्यंत ‘सबसिडाइज्ड’. निदान अर्धवेळ शिक्षण चालू असेपर्यंत त्यांचं व्याज सरकार भरतं. आधी हेच घ्या. उरलेले २,००० ‘अनसबसिडाइज्ड’, आणि त्यांवर पैसे हातात पडल्या दिवसापासून व्याज चढतं. २०२५-२६ मध्ये घेतलेल्या कर्जाचा दर आहे ६.३९ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १२८ डॉलर. शिकता शिकता तेवढे भरत गेलात तर ते मुद्दलात मिसळत नाहीत. जमेल त्याने हे जरूर करावं.

आपल्याकडे शैक्षणिक कर्ज म्हटलं की जामीनदार आणि तारण आठवतं. इथे पदवीच्या विद्यार्थ्याला दोन्ही लागत नाही. ऑनलाइन समुपदेशन पूर्ण करायचं, वचनचिठ्ठीवर सही करायची; पैसे थेट कॉलेजकडे जातात. सही मात्र अठरा वर्षांच्या मुलाची असते आणि फेडही त्याच्याच नावावर. कॉलेज सुटल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू होतात. आई-वडिलांनी शेजारी बसून ती चिठ्ठी वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

तरी आठ हजारांतले अडीच हजार उरलेच. त्यासाठी आधी कॉलेजच्या आवारातलं काम आणि मासिक हप्त्यांची सोय बघा. पालकांच्या नावावरचं ‘पेरेंट प्लस’ कर्ज सगळ्यात शेवटी. त्याचा व्याजदर जास्त, आणि २०२५ च्या कायद्याने त्यावर मर्यादाही घातली: जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर.

पत्रात लिहिलेलं सगळं कर्ज घेतलंच पाहिजे असं नाही. कमी घेता येतं. जास्त आलं तर १२० दिवसांच्या आत परत करा. तेवढ्या रकमेवर व्याज किंवा शुल्क लागत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या गावांत वाढलेल्या मराठी मुलांसाठी एक गोष्ट. ग्रीन कार्ड असेल तर हे कर्ज मिळतं. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असाल तर मिळत नाही, मग सगळी शाळा अमेरिकेत झालेली असली तरी. अशा घरांनी कॉलेजं निवडतानाच, अकरावी-बारावीत, तिथल्या फायनान्शियल एड ऑफिसला विचारावं: तुमची स्वतःची स्कॉलरशिप आम्हाला मिळते का?