आधी सावली बघा, मग कॅमेरा

आत येताना पायऱ्यांवर आपली सावली कोणी पाहिली का? नाही ना. एप्रिल महिना, दुपार आणि जळगाव, म्हणजे सावली पायाखालीच असणार. पण तिची कड बघायला हवी होती. विळ्याने कापल्यासारखी कड दिसली की कॅमेऱ्यातल्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या काट्याला, विचारायचं कामच नाही. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ आणि शटर, म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं, ते आयएसओच्या आकड्याच्या जवळपास. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो तो आकडा; तो १०० असेल तर शटर सेकंदाचा १२५वा भाग. रोलच्या जमान्यात कित्येक कॅमेऱ्यांना मीटर नसायचा, तेव्हा याच हिशोबावर लग्नंसुद्धा निघायची.

आता एफ १६ वरच अडून बसा, असं मी म्हणत नाही. ठिबकवाले इथे बरेच दिसतात, त्यांना पटकन कळेल. ड्रीपर चार लिटरचा काढून आठचा लावला, तर मोटर निम्माच वेळ चालवता ना? पाणी तेवढंच जातं. तसंच एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं; एफ १६ वरून एफ ८ वर आलात, म्हणजे उजेड चौपट झाला. मग शटर १/५००. सावलीची कड मऊ झाली तर मूळ एफ १६ च्या जागी एफ ११ धरा, सावली जेमतेम उमटत असेल तर एफ ८ आणि दिसतच नसेल तर ५.६. झाडाच्या मोकळ्या सावलीत एफ ४. बस, एवढं पाठ करा.

मग मीटर कशाला? मीटर कामाचा आहे, पण तो भोळा आहे. समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे, अशी त्याची पक्की समजूत असते. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारात मी पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याचे फोटो काढले, सगळे मीटरवर विसंबून. घरी येऊन पाहतो तर घोडा राखेत लोळून आल्यासारखा! उलटा प्रकार पारोळ्याकडे झाला. तिथल्या एका शेतकऱ्याला त्याच्या म्हशीचा फोटो दाखवला, तर तो म्हणाला, “भाऊ, हाई मन्ही म्हैस नही शे!” खरंच होतं त्याचं. काळीभोर म्हैस मीटरने उजळवून मळकट करून टाकली होती. म्हणून पांढरं चौकटभर असेल तर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरचा उजेड मुद्दाम वाढवा-घटवायची सोय, अधिक एक, काळं असेल तर उणे एक. मोबाइलवाल्यांनी बोट टेकवून उजेडाची पट्टी वर-खाली सरकवावी, काम तेच.

केळीच्या बागेत मात्र भले भले फसतात. रावेर-यावलकडे मालकाला घडाजवळ उभं करून फोटो काढायचा मोह प्रत्येकालाच होतो. पण तिथला उजेड पानांतून गाळून येतो आणि माणूस हिरवा दिसतो, जणू कावीळ उलटी झाली. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय, तिथे डगमगतो. ‘शेड’वर, म्हणजे सावलीच्या सेटिंगवर, ठेवलंत तर फोटो पिवळसर होतो, पण हिरवा काही जात नाही. माझा उपाय सोपा आहे. मालकाच्या डोक्यावरची पांढरी टोपी मागून घ्यायची, त्याच उजेडात चौकट भरेल अशी धरायची आणि तिच्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स लावायचा. टोपी धुतलेली असावी, एवढीच अट.

तीच टोपी बांधावर भर दुपारी वैरीण होते. टोपी झगझगीत, आणि खाली डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. कोणतंही एकच सेटिंग दोन्ही सांभाळत नाही. फ्लॅश असेल तर शटर १/२०० आणि एफ ११ लावून चेहऱ्यावर हलका उजेड टाका. नसेल तर पायाशी पांढरी चादर अंथरा. ऊन खालून वर उसळतं. आणि उन्हाळ्यात अकरानंतर तापीच्या पात्रावर लांबची लेन्स रोखूच नका. तापलेल्या हवेत प्रतिमा हलते, त्यावर कॅमेऱ्यात बटण नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) घराबाहेर फारसे पडतच नसत. टेबलावर वस्तू मांडून, उजेड स्वतः लावून त्यांनी थोर कामं केली. मे महिन्यात मला त्यांचा हेवा वाटतो.

शेवटी काठी गावची होळी. सातपुड्यात ती पहाटे पेटते. तिथे मीटर ज्वाळेकडे बघतो आणि माणसं काळी करून टाकतो. म्हणून मॅन्युअल लावा. आयएसओ ३२००, एफ २.८, शटर १/१२५ पासून सुरुवात करा आणि जाळाने उजळलेल्या चेहऱ्यावरून कमी-जास्त करा. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा, नाहीतर कॅमेरा तो तांबूसपणा धुऊन टाकतो.

पहिल्या वर्षी मी हे सगळं अगदी बरोबर केलं. मग सूर्य वर आला, मोरपिसांचे उंच टोप घातलेले बावा, म्हणजे होळीतले नाचे, लख्ख उन्हात नाचू लागले आणि मी भान हरपून फोटो काढत सुटलो. स्क्रीन पांढरी दिसत होती, पण मला वाटलं, उन्हामुळे दिसत नसेल. दुपारी सावलीत बसून पाहिलं, तरी पांढरीच. आयएसओ ३२०० आणि एफ २.८ तसंच राहिलं होतं! हिशोब तुम्हीच करा: उन्हातल्या आयएसओ १०० आणि एफ १६ च्या मानाने आयएसओचे पाच स्टॉप, अ‍ॅपर्चरचे पाच, आणि दर स्टॉपला उजेड दुप्पट. हजारपट जास्त उजेड. दोनशे फोटो, आणि एकाही फोटोत बावा नाही.