रिसॉर्टचं जेवण आणि गोव्याची चव

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टी लागली की मुलं वॉटर पार्कचा हट्ट धरतात. आपण रिसॉर्ट ठरवताना खोली बघतो, तरणतलाव बघतो, घसरगुंड्या बघतो. जेवणाचं मात्र ‘तिथं गेल्यावर बघू’. खिसा हलका होतो तो नेमका तिथंच.

बुकिंग करताना सीपी, एमएपी, एपी अशी अक्षरं दिसतात. सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सगळंच. माझं स्पष्ट मत आहे, गोव्यात नाश्त्यावर थांबावं. अमेरिकेत ऑर्लँडोजवळ डिस्नी वर्ल्डचा पसारा शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचा. तिथं आत राहणाऱ्याला जेवणासाठी बाहेर पडणं जिकिरीचं, म्हणून आगाऊ पैसे भरून जेवणाची योजना घेण्यात अर्थ असतो. करोनाकाळात थांबलेली ती योजना २०२४ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाली. आपल्याकडे फाटकाबाहेर पडलं की थोड्याच अंतरावर शीतकडीची, म्हणजे भात-कालवणाची, खानावळ सापडते. मग तीन वेळच्या बुफेला स्वतःला का बांधून घ्यायचं?

त्याच डिस्नीत घरचा डबा आत नेता येतो, आणि खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर गार पाण्याचा पेला फुकट मिळतो. आपल्याकडच्या बहुतेक पार्कांत दारावरच पिशव्या तपासून खाऊ काढून ठेवतात. लहान मुलं, मधुमेही आजी-आजोबा बरोबर असतात, याचा विचार व्हायला नको का? बाटलीबंद पाण्याला हॉटेलवाल्यांनी छापील किमतीहून जास्त पैसे घ्यायला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली, पण साधं पिण्याचं पाणी मागायला आपण संकोचू नये. बिल आलं की तेही वाचावं. साध्या खानावळीत जीएसटी ५ टक्के, तर खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जाणाऱ्या हॉटेलात जेवणावर १८ टक्के. सेवा शुल्क देणं सक्तीचं नाही. ते काढून टाका म्हणून सांगता येतं.

आता चवीकडे येते, कारण माझा खरा जीव तिथं आहे. बुफेवर मांडलेला रव्यातला बांगडा झाकणाखालच्या वाफेत पाव तासात मऊ पडतो. रवा सुटतो, खाली तेलकट पाणी साचतं. तोच बांगडा समोर तव्यावर तळून दिला तर कडा कुरकुरीत राहतात, आतला मासा ओलसर लागतो. म्हणून तव्याचा काउंटर असेल तर आधी तिथं जावं. पास्ता, पनीर आणि पिवळी डाळ कुठंही मिळते. गोव्यात येऊन तिरफळाचा वास असलेलं हुमण म्हणजे माशांचं कालवण, सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर ही कोरडी कोशिंबीर आणि ताज्या आमसुलांची सोलकढी ताटात नसेल, तर कितीही पदार्थ मांडा, ते जेवण महागच पडलं असं मी म्हणेन. गोडाचंही तसंच. बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नारळाचा रस, अंड्यातला पिवळा बलक, साखर, तूप, आणि एकेक थर वरून आंच देत भाजायचा. पहिला थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. एवढ्या खटाटोपाच्या पदार्थाऐवजी बुफेवर जेलीचे चौकोन कशासाठी?

फोंड्याकडची मसाल्याची कुळागरं बघा. तिकिटातच बागेची फेरी आणि दुपारचं जेवण. वेलची, मिरी, जायफळ झाडावर बघायचं आणि मग गोव्याच्या चवीचं जेवायचं. दिलेल्या पैशांचं चीज होतं ते अशा ठिकाणी.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत बुफेवरचा मासा बहुधा बर्फातला, नाहीतर तळ्यात वाढवलेला बासा. ‘हा कुठला?’ म्हणून विचारायला लाजू नये. आणि हे बोलणं रिसॉर्ट चालवणाऱ्यांपैकी कुणी ऐकत असेल, तर त्यांना कळकळीची विनंती: त्या दोन महिन्यांत बासा बाजूला ठेवा. फणसाच्या आठळ्या घालून तायकिळ्याची, म्हणजे टाकळ्याची, पालेभाजी करा, अळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं, तोणाक ही रस्साभाजी करा, बरोबर गावच्या पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, गरम पोई हा गव्हाचा पाव ठेवा. पाहुणे आवडीनं खातील, आणि भाजी विकायला बाजारात बसणाऱ्या बायांच्या हातात चार पैसे जातील.

नमस्कार.