कात्रीने आणलेले ऋतू

(दृश्य: येडगाव जलाशय, पहाट. पाण्यावर धुकं. दूर एका बागेत ट्रॅक्टरचा दिवा हलतोय.)

पुण्याहून लोक इथे येतात ते फेब्रुवारीत. नारायणगावला रस्त्याकडेच्या स्टॉलवरून जंबो द्राक्षांचा काळाभोर घड घेतात, मांडवाखाली फोटो काढतात, ओझरच्या विघ्नहराला हात जोडतात आणि अंधार पडायच्या आत नाशिक रस्त्याला लागतात. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. मग एका एप्रिलमध्ये पाण्याकाठी खोली भाड्याने घेतली. पहिल्या सकाळी खिडकी उघडली, तर समोर बागच नव्हती! नुसती खोडं, तारा आणि जमिनीवर पानांचा खच.

"दादा, रोग पडला का हो?"

बागवाले दादा हसले. "नाय ताई, खरड छाटणी. आम्हीच कापली."

युरोपात वेलीला थंडी झोपवते. पानं गळतात, बर्फ पडतो, वसंतात डोळे फुटतात. छाटणी वर्षाला एकदाच. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली! वेल बारा महिने हिरवी राहायला बघते. म्हणून इथे ऋतू कात्रीने आणावा लागतो, आणि तोही दोनदा. एप्रिलची छाटणी काडीसाठी, म्हणजे नव्या फांदीसाठी, ऑक्टोबरची फळासाठी. पहिलीला खरड म्हणतात, दुसरीला गोडी.

(दृश्य: कोवळ्या फुटी, कडक ऊन.)

मला वाटायचं, द्राक्षाचं नशीब ऑक्टोबरनंतर ठरतं. तसं नाही. एप्रिलमध्ये फुटलेल्या काडीच्या डोळ्यात पुढच्या दीड-दोन महिन्यांत सूक्ष्म घड तयार होतो. दिसत काहीच नाही. त्या दिवसांत ऊन लागतं, भरपूर. आभाळ धरून राहिलं, काड्यांची गर्दी झाली, की घडाच्या जागी बाळी निघते, तारेला विळखा घालणारी बिनकामाची बाळी. पुढच्या फेब्रुवारीत पुणेकर जो घड हातात घेणार, तो मे महिन्यात उकाड्याने आपण हैराण असताना ठरलेला असतो.

त्याच मे महिन्यात तळं आटतं. तळं म्हणजे कुकडीवरचं येडगाव धरण. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतलं एक. इथून डावा कालवा श्रीगोंदा, कर्जतकडे जातो. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाळीचं पाणी, सुटलं की काठ दिवसागणिक मागे सरकतो आणि चिखलात बगळे उतरतात. पाणी आपल्या दारात, हक्क चार तालुके पुढचा. त्यावर इथे कुणी फार बोलत नाही. मोटारीचा पाइप मात्र रोज थोडा पुढे सरकवतात.

पावसाळा? पानं, फवारण्या, चिखल. पुढे जाऊ.

(दृश्य: ऑक्टोबर. तुडुंब जलाशय. हातमोजे घातलेल्या बायका ओळीने पुढे सरकताहेत.)

गोडी छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात. हायड्रोजन सायनामाइड. सगळे डोळे एकदम जागे व्हावेत म्हणून. एकेक डोळा, हाताने. एकरभर बागेत असे किती डोळे असतील, याचा हिशेब मी पहिल्या ओळीतच सोडला.

आणि मग ते धुकं, ज्यासाठी आम्ही पहाटे कॅमेरा लावून बसलो होतो. आम्हाला ते चित्र. दादांना केवडा, म्हणजे पानांवरचा डाऊनी रोग. पानावर दव टिकलं की रोग आत शिरतो, म्हणून पाच वाजताच ब्लोअर सुरू. डिसेंबरात पारा फारच उतरला, तर बागेत शेकोट्या पेटतात, ठिबक सोडतात. उसातून बिबट्या कधी निघेल याचा नेम नाही, त्यामुळे बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी. जुन्नर तालुक्यात रात्री पाणी धरायला असंच जातात.

(दृश्य: लहान मण्यांचा काळा घड, हातावर.)

याच नारायणगावात १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीची फसफसती वाईन बनवली. ओमर खय्याम या नावाने ती परदेशातही गेली. राज्याचं वाईन धोरण आलं २००१ मध्ये. त्याआधी कितीतरी वर्षं. तो कारखाना पुढे कर्जात अडकून थांबला. पण वाईनचं द्राक्ष पहिल्यांदा हातात आलं, तेव्हा मी तोंड वाकडं केलं. बारीक मणी, जाड साल, आत बिया. खायच्या द्राक्षाला जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड या संजीवकात, बुडवून मणी फुगवतात. इथे तो बारीकच हवा. कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि मणी बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. खायची द्राक्षं सतरा-अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) उतरवतात, ही बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवतात. तोडणी पहाटेची, मणी गार असताना.

दादांनी अशी द्राक्षं काही वर्षं लावली होती. वाईन कधी चाखली का, विचारलं.

"एकदा. आंबट लागली. घरात सांगू नका."

(दृश्य: मार्च. रिकामे मांडव. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहताहेत.)

पाडवा जवळ आला की गावोगावचे यात्रेवाले सुपारी द्यायला नारायणगावात येतात. बागेत शेवटचे क्रेट भरले गेलेत. दादा ओट्यावर बसून कात्रीला धार लावताहेत.

"ताई, खोली सोडताय का ठेवताय? खरड पुढच्या आठवड्यात घेतोय."