पाच मिनिटं कुणीच लिहायचं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

अभ्यासासाठी ग्रुप काढणं सोपं असतं. पहिल्या दिवशी उत्साह उतू जातो. आठवड्याभरात उरतं काय, तर ‘उद्या कितीला?’, ‘पीडीएफ कुणाकडे आहे?’ आणि सुप्रभातची फुलं.

मी शिकवतो. एकदा ग्रुपवर प्रश्न टाकला, बर्फ पाण्यावर का तरंगतो? अर्ध्या मिनिटात एकाचं उत्तर आलं, ‘हलका असतो म्हणून.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली आणि चर्चा आटोपली. विचार एकाने केला, तोही अर्धाच. चूक माझीच. जो आधी टाइप करेल तो जिंकणार, अशी शर्यतच मी लावली होती.

पुढच्या वेळी चौघाचौघांचे गट केले. पाच मिनिटं कुणी काही पाठवायचं नाही, आपलं उत्तर वहीत लिहायचं. मग सगळ्यांनी एकदम पाठवायचं. चार उत्तरं समोर आली, ती एकमेकांशी जुळेनात. एकीने विचारलं, “हलका म्हणजे काय? शंभर किलोची लादीसुद्धा तरंगतेच की!” तिथून गाडी घनतेवर आली. पाणी गोठताना फुगतं, हे फ्रीजरमध्ये फुटलेल्या बाटलीच्या आठवणीतून निघालं. ते साधारण 9 टक्के फुगतं, एवढा आकडा फक्त मी पुरवला.

चॅटची दुसरी खोड म्हणजे गुंता. तुम्ही उत्तर लिहीपर्यंत वर तीन नवे प्रश्न आलेले असतात आणि तुमचं ‘हो’ भलत्याच प्रश्नाला जाऊन चिकटतं. 1973 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणकावरून शिकवणाऱ्या यंत्रणेवर ‘टॉकोमॅटिक’ नावाचं चॅट सुरू झालं. त्यात पडद्यावर प्रत्येकाचा कप्पा वेगळा असे आणि अक्षर टाइप होता होताच इतरांना दिसे. आजचं चॅट मात्र सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतं. म्हणून माझ्या ग्रुपवर एक नियम आहे. ज्याला उत्तर द्यायचं, तो संदेश धरूनच लिहायचं. कंटाळवाणा आहे खरा, पण नंतर वाचताना त्याची किंमत कळते.

आणि माहिती सगळ्यांना सगळी देऊ नये. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या शाळांत धड्याचे तुकडे मुलांना वाटून दिले. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना. हे चॅटवरही छान जमतं.

शेवटचा सारांश बहुतेक जण हुशार मुलाला लिहायला सांगतात. मी सर्वांत कमी बोललेल्याला सांगतो. त्याला आधी वर जाऊन सगळं वाचावं लागतं, आणि दोन-तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याचं भागत नाही.

मी स्वतः मात्र चर्चा चालू असताना कीबोर्डला हातही लावत नाही. पडद्यावर ‘सर टाइप करत आहेत’ एवढं दिसलं, तरी सगळे थांबतात.