डेम्पस्टरचा रस्ता आणि अस्वलाचं नाक

अस्वलांबद्दल ऐकायला तुम्ही जमला आहात, याची मला कल्पना आहे. तरी सुरुवात रस्त्यापासून करतो. डेम्पस्टर हायवेवर माणसाचा खोळंबा होतो तो बहुतेक वेळा टायरमुळे. अस्वल तिथे फार नंतर येतं.

कॅनडाच्या नकाशात डावीकडे अगदी वर युकॉन आहे. तिथलं डॉसन सिटी हे सोन्यापायी वसलेलं गाव. ब्रिटिश कोलंबियात डॉसन क्रीक नावाचं वेगळंच गाव आहे, रस्त्याने जवळपास दोन हजार किलोमीटर दूर. बुकिंग करताना एवढं डोळ्यांत तेल घालून बघा. डॉसन सिटीच्या अलीकडे साधारण ४० किलोमीटरवर हा रस्ता उत्तरेला फुटतो आणि ७३६ किलोमीटर जाऊन इनुविक गावाला पोचतो. जवळजवळ सगळा खडीचा. १९७९ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. २०१७ पासून इनुविकच्या पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंत बारमाही रस्ता झाला आहे, त्यामुळे आता गाडी थेट आर्क्टिक महासागराच्या काठाला लावता येते.

खडीचा का, असं कुणीतरी विचारणारच. खालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली आहे. ती उकरली की आतला बर्फ वितळणार आणि रस्ता खचणार. म्हणून तिथे जमीन खणत नाहीत, तिच्यावर खडीमातीचा जाड थर चढवतात. काही ठिकाणी हा थर दोन मीटरच्याही वर जातो. गोधडी घालावी तसा, फक्त ही गोधडी थंडी आत कोंडायला. त्यामुळे रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आणि कडा मऊ. फोटो काढायला गाडी फार कडेला घेतलीत तर ती हळूच कलंडायला लागते. खडीत पाटीच्या दगडाच्या धारदार चिपा असतात. पूर्ण आकाराच्या दोन स्टेपन्या घ्या, असं सगळे सांगतात, ते ऐका. सुरुवातीच्या फाट्यापासून ईगल प्लेन्स या थांब्यापर्यंत ३६९ किलोमीटर पेट्रोल नाही. मोबाइलला रेंज नाही. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पाऊस पडला की त्याचा चिखल गाडीला सिमेंटसारखा धरतो. भाड्याची गाडी घेणार असाल तर करारातली बारीक अक्षरं आधी वाचा. बऱ्याच कंपन्या खडीच्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाईच करतात.

आता ज्याच्या नावाचा हा रस्ता, त्याची गोष्ट. डिसेंबर १९१० मध्ये घोडदळ पोलिसांचे इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन साथीदार घेऊन उत्तरेकडच्या फोर्ट मॅकफर्सन या वस्तीहून डॉसनकडे निघाले. कुत्र्यांच्या गाड्या, टपालाच्या थैल्या. वेग साधावा म्हणून शिधा मोजकाच. वाटेत एसाव जॉर्ज नावाचा ग्विचिन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीतला, वाटाड्या भेटला. थोडे दिवस त्याची मदत घेतली आणि पैसे देऊन त्याला परत पाठवलं. पुढे ज्या ओढ्याने वळायचं तो ओढाच सापडेना. शोधण्यात मोलाचे दिवस गेले, मग माघार. परतताना एकेक कुत्रा मारून खायची वेळ आली. चौघेही जीवानिशी गेले, आणि तेही फोर्ट मॅकफर्सनपासून फार लांब नाही. मार्च १९११ मध्ये त्यांना शोधून काढलं कॉर्पोरल डेम्पस्टरने. त्याच्या शोधपथकात चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. माझ्या मते या गोष्टीचा नायक थंडी नव्हे, तो परत पाठवलेला वाटाड्या आहे. सह्याद्रीत गावातला माणूस बरोबर न घेता अनवट घाटवाटेला भिडणारे तुमच्यात असतील, त्यांनी माझ्याकडे बघू नये. (हशा)

तर अस्वल. या रस्त्यावर दोन प्रकार भेटू शकतात, काळं अस्वल आणि ग्रिझली. पार समुद्रकाठी क्वचित ध्रुवीय अस्वलही येतं, पण ते बाजूला ठेवू. रंगावरून ओळखायला जाऊ नका. काळं अस्वल चक्क तपकिरी असू शकतं. खांद्यावर वशिंड बघा, ते ग्रिझलीला असतं. ग्रिझलीचा चेहरा कपाळापासून नाकापर्यंत खोलगट आणि पुढच्या पायांची नखं लांब. गाडीतून दिसलं तर गाडीतच बसा, काच वर घ्या आणि थोड्या वेळाने पुढे निघा.

ग्रिझली बहुतेकदा हल्ला करते ती दचकून, किंवा जवळ पिल्लं असतात म्हणून, किंवा मारलेली शिकार राखायला. विदर्भातल्या मंडळींना हे नवीन नाही. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईमाणसावर आपलं अस्वल धावून येतं तेही असंच, दोघं एकमेकांना अचानक सामोरे आल्यामुळे. म्हणून चालताना आवाज करायचा. झुडपात, वळणावर, खळाळत्या ओढ्याजवळ जास्तच. बुटाला किंवा सॅकला बांधायच्या घंट्या दुकानात मिळतात, त्यांचा फारसा उपयोग होत नाही. माणसाचा आवाज हवा. आपल्या ग्रुपमध्ये ती अडचण कधीच नसते.

मिरचीचा फवारा मात्र हवाच. तो विमानात नेता येत नाही, युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सला उतरल्यावर घ्या. सॅकच्या तळाशी ठेवलात तर शून्य उपयोग. कमरेला, हाताशी हवा. अस्वल सात-आठ मीटरवर आलं की किंचित खाली रोखून मारायचा, म्हणजे ढग त्याच्या तोंडासमोर उभा राहतो. वाऱ्याची दिशा बघा, नाहीतर डोळे तुमचेच जातील. आणि एक, हा फवारा डासांच्या औषधासारखा तंबूवर शिंपडायचा नसतो. तसं करणारे लोक आहेत! वाळलेल्या फवाऱ्याच्या वासाने अस्वलं उलट हुंगायला येतात.

खरी मेख आहे ती स्वयंपाकात. उन्हाळा सरताना अस्वलाला एकच काम असतं, चरबी साठवणं. तेव्हा ग्रिझली दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खाऊ शकते. दिवसभर बेरी ओरबाडत फिरणाऱ्या त्या जनावराला तुमचा बाकरवडीचा डबा सापडला की त्याचा हिशोब साधा असतो. ते पुन्हा येतं. पुढच्या तंबूपाशी जातं. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल शेवटी बहुधा गोळी खातं. तुम्ही तोवर पुण्यात फोटो टाकत असता.

म्हणून वास येणारी प्रत्येक वस्तू रात्री गाडीत बंद किंवा कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कपाटात. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, च्युइंग गम, हिंगाची डबी, लोणच्याची बरणी, सगळं. ज्या कपड्यांत कांदा परतला ते कपडे तंबूत न्यायचे नाहीत. पिशवी झाडाला उंच टांगायची युक्ती इथे चालत नाही, कारण पुष्कळ ठिकाणी झाडच नाही आणि असलं तर ते खुरटं स्प्रूस. कचऱ्याच्या पेट्यासुद्धा बघण्यासारख्या असतात: जाड पत्र्याचं झाकण, त्याला अरुंद खोबण, त्यात बोटं घालून आतली पट्टी दाबली की खटका सुटतो. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत मावत नाही. नवख्याला दोन मिनिटं लागतात, आणि मग दारात उभा राहून तो दुसऱ्यांना शिकवतो.

कधी जायचं? जून-जुलैत रात्र नाही आणि डास मात्र भरपूर. मला ऑगस्टची अखेर बरी वाटते. टुंड्रा लाल-पिवळी व्हायला लागते, टूमस्टोन डोंगरांचे काळे सुळके त्यावर उठून दिसतात, डास ओसरलेले असतात. पील आणि मॅकेंझी या दोन नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट, थंडीत बर्फावरून रस्ता, आणि मधले काही आठवडे दोन्ही बंद. तारखा तपासून निघा.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग तिकडे पिठलं-भात करायचाच नाही का?)

कराच! पण मुक्कामाच्या जागी नको. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वाटेत मोकळी जागा बघून गाडी थांबवा. चारी बाजूंना लांबवर दिसत असेल अशीच जागा. फोडणी द्या, पोटभर जेवा, भांडी घासा, खरकटं घट्ट पिशवीत बांधून गाडीत टाका. मग पन्नासेक किलोमीटर पुढे जाऊन तंबू ठोका. तिथे फक्त झोपायचं.